होळीसाठी सोडलेलं वर्तुळ

"गिरणी बंद आहे," बायको फोनवर म्हणाली. मी ऑफिसात होतो. मला वाटलं, वीज गेली असेल. म्हटलं, "मग संध्याकाळी नेतो दळण." ती म्हणाली, "अहो, वीज आहे. शटरच उघडलं नाही आज." तेव्हा कळलं. केडगावच्या आमच्या कॉलनीत शकूमावशींच्या गिरणीचं शटर सकाळी खडखडत वर गेलं की दिवस सुरू व्हायचा. ऐन दिवाळीतही ते निदान कमरेइतकं वर असायचं. सून चहा घेऊन गेली, तेव्हा मावशी उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. ना दवाखाना, ना धावपळ... त्यांच्या स्वभावाला हे शोभलं. कुणाचा खोळंबा केलेला त्यांना चालायचा नाही.

मी लगेच घरी निघालो नाही. खुर्चीतच बसून राहिलो. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता माझी ती एक गोष्ट जाणणारं माणूस राहिलं नाही. आणि खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला किंचित हलकं वाटलं. नंतर त्या हलकेपणाची जी लाज वाटली, तिच्यामुळे हे लिहितो आहे. मी फारसा बोलणारा माणूस नाही. पण जे सांगायचं ते या वेळी नीट, सरळ सांगणार आहे.

मावशींची ओळख आधी करून देतो. मूळच्या त्या जामखेडकडच्या. नवऱ्यानं गिरणी घातली आणि काही वर्षांतच तो गेला. त्यांनी पदर खोचला आणि जात्याच्या दगडाला टाकी लावण्यापासून मोटारीचा पट्टा चढवण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. दळणाला नंबर नसायचा. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, आणि बाजरीवाले शेवटी, नाहीतर पिठात पीठ मिसळतं. त्यामुळे आधी आलेला माणूस ताटकळत बसायचा आणि मागून आलेली बाई दळण घेऊन निघून जायची. नव्या भाडेकरूंची त्यावरून भांडणं व्हायची. मावशी म्हणायच्या, "नंबर बँकेत लावा. हितं धान्याचं राज्य हाय." मी डबा घेऊन गेलो की ठरलेला टोमणा यायचा, "परकास, डबा तुझा, पर पीठ तुझ्या बायकोचं. बारीक न्हाई झालं तर ती मला इचारंल, तुला न्हाई. तू नुस्ता हमाल." माझं नाव प्रकाश. त्यांनी ते आयुष्यभर 'परकास'च ठेवलं.

गिरणीसमोरच आमचं मैदान. प्लॉट पाडताना नियमाप्रमाणे सोडलेला तो तुकडा. कागदोपत्री त्याचं नाव 'मोकळी जागा', पण तो मोकळा कधीच नसायचा. धुतलेला गहू तिथं वाळायचा, फाल्गुनात मिरच्या, मग कुरडया-पापड. दुपारनंतर पोरांचं क्रिकेट. मुलीच्या लग्नाचा मांडव तिथंच पडायचा, नवरात्रात देवी बसायची, आणि म्हातारी माणसं कडेच्या दगडांवर बसून सगळ्या जगावर निकाल द्यायची. कॉलनीची होळीही तिथंच, ठरलेल्या एका जागी पेटायची. वर्षातले उरलेले दिवस त्या जागी काहीही दिसायचं नाही. काळपट माती, तीही पावसाळ्यानंतर गवतात लपलेली. ती जागा ओळखायला तुम्ही तिथलेच असायला हवं.

मी नकाशे काढतो. शहरातल्या एका खासगी कार्यालयात ड्राफ्ट्समन आहे. कॉलनीत बहुतेकांना एवढंच ठाऊक, की मी ऑफिसात जातो. सरकारी कामांचे आराखडे आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक मोजणीची शीट आली आणि पाहतो तो आमचंच मैदान. योजनेचं नाव सुशोभीकरण. चारी बाजूंनी भिंत, पुणे रोडच्या बाजूला मोठं लोखंडी गेट, आत पेव्हर ब्लॉक, हिरवळ, चालायचा ट्रॅक, सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ, एरवी कुलूप. मी तिथं राहतो हे साहेबांना सांगितलं नाही आणि घरीही नकाशाबद्दल बोललो नाही. का? कारण मला तो आवडला होता. चेंडूनं माझ्या खिडकीची काच दोनदा फुटली होती. उन्हाळ्यात धूळ घरात यायची. मला वाटायचं, आपली कॉलनी जरा नीटनेटकी दिसावी, पाहुण्यांना दाखवावंसं वाटेल असं काही असावं. मी मन लावून तो नकाशा काढला. गिरणीच्या गल्लीच्या बाजूला सरळ भिंत घातली. आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकताना एका जागी एक वर्तुळ मोकळं सोडलं... होळीसाठी. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला होता. वाटलं, कॉलनीची केवढी काळजी घेतली मी!

मग एका रविवारी योजनेचे एक साहेब नकाशा घेऊन मैदानावर आले. आमच्या भागातले एक पुढारी सोबत होते. मोटारसायकलच्या सीटवर नकाशा पसरला, भोवती माणसं जमली. मी मागे उभा होतो. मावशी पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनीच पुढे आल्या.

"गेट कुठल्या अंगाला?" त्यांनी विचारलं.

"पुणे रोडला, आजी."

"आन् आमी?"

"तुम्ही वळसा घालून यायचं. जरा चालणं होईल, तब्येतीला चांगलं."

"गव्हाचं पोतं डोक्यावर घिऊन?"

साहेब हसले. "बागेत गहू कशाला आणायचा?"

"मग वाळवायचा कुठं, तुमच्या गच्चीवर?" सगळे हसले, पुढारीही हसले. मावशींचं बोट मात्र नकाशावरून फिरत होतं. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, पण गिरणी कुठं, दगड कुठं, हे त्यांनी एकदोघांना विचारून घेतलं. मग बोट वर्तुळावर थांबलं. "ह्यो गोल कसला?"

"फुलांचा वाफा असेल."

"असंल? काढलाय कोनी?"

"ऑफिसनं."

मावशी मान वर करून त्या जागेकडे बघत राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हितं होळी पेटती. ऑफिसात बसून कुनाला कळनार हितं होळी पेटती ते? ह्ये आपल्यातल्याच कुनीतरी सांगितलंय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि मग एकेक नजर दत्तूकडे वळली. दत्तूचं वेल्डिंगचं दुकान मैदानाच्या कोपऱ्यावरच होतं. गेट, ग्रिल, शटर ही त्याची कामं. गेल्याच महिन्यात त्यानं त्या पुढाऱ्यांच्या मळ्यावरचं फाटक केलं होतं. एवढी भिंत, एवढं मोठं गेट... फायदा कुणाचा, असा हिशेब प्रत्येकानं मनात केला. दत्तू आधी हसला. म्हणाला, "आरं, माज्याकडं काय बघताय?" कुणी उत्तर दिलं नाही. मी तर नाहीच. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. "नकाशा मी काढला," एवढंच. तोंड उघडायला मला काय अडवत होतं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. भीती वगैरे मोठा शब्द आहे. मला माझ्या कॉलनीत वाईट दिसायचं नव्हतं, बस.

पुढच्या आठवड्यात दळण घेऊन गेलो. भर दुपार, गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. मावशींनी गहू टाकला, हातानं पीठ चाचपलं आणि गिरणीच्या आवाजात ओरडून विचारलं, "आपल्या कॉलनीत नकाशे कोन काढतं रं?" मी म्हटलं, "मी." त्यांनी बटण बंद केलं. पट्टा फटफटत हळू झाला, थांबला. माझं दळण अर्धं वर, अर्धं डब्यात.

"गोल कशापायी सोडला?"

"होळीसाठी."

"म्हंजी भिंत घालताना तुला होळी आठवली," त्या म्हणाल्या, "आन् आमी न्हाई आठवलो."

माझ्या कामाबद्दल इतकं अचूक मला कुणी कधी सांगितलेलं नाही. वीस वर्षं त्या मैदानाच्या कडेला राहून मी ते शीटवर रिकामं काढलं होतं, कारण शीटवर ते रिकामंच आलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आन् दत्तूचं काय?" मी म्हटलं, "सांगतो मी सगळ्यांना." "कवा?" "सांगतो मावशी." त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. "तुझं त्वांड हाय. तू सांगशील तवा सांग, माज्या त्वांडानं तुझं नाव येनार न्हाई. पर दत्तूनं केलं न्हाई, ह्ये मी रोज सांगनार. माझीच जीभ लांब, मीच पेटवलं ह्ये." आणि त्यांनी पुन्हा गिरणी चालू केली.

त्यांनी शब्द पाळला. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, दत्तूनं काही केलं नाही. "मग कुणी केलं?" या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायच्या नाहीत. त्यामुळे उलटंच झालं. दत्तूही जामखेडचा. लोक म्हणू लागले, माहेरचा माणूस म्हणून मावशी पदराखाली घेतायत. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "त्याच्याकडनं गिरणीचं शटर फुकट करून मिळालं असंल." मावशी म्हणाल्या, "व्हय, सोन्याचं हाय शटर. उचलून बघ." माझ्यासाठी त्या खोटंही बोलल्या. त्यांच्या सांगण्यावरून मी घरी दुसरा नकाशा काढला. त्यात भिंत नाही, गेट नाही. कडेनं झाडं, पाण्याचा एक नळ, दोन दिवे. मावशींनी तो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "माज्या भाच्यानं काढून दिला." भाचा कधी कुणी पाहिला नव्हता. कुणी विचारलंही नाही.

मग होळी आली. आमच्याकडे प्रत्येक घरातून लाकूड आणि गोवऱ्या येतात, ते सगळं एकत्र रचतात. दत्तू त्याच्या वाट्याच्या गोवऱ्या घेऊन आला. रचणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "ठेव तिकडं बाजूला." मग त्यानं गोवऱ्यांची पाटी उचलली आणि परत घरी गेला. मावशी त्याच्या मागे गेल्या. त्या वर्षी कॉलनीची होळी पेटली तेव्हा मावशी तिथं नव्हत्या, आणि मी होतो. नारळ मीच वाहिला.

काम सुरू करायचं तर ते मार्चअखेरच्या आत सुरू व्हायला हवं होतं, नाहीतर निधी परत जाणार. हे मला ऑफिसात कळलं होतं, खोदकामाचं मशीन कुठल्या दिवशी येणार तेही, आणि ते मी मावशींना सांगितलं. एवढं मात्र केलं. कुरडयांचा रिवाज असा, की एकेका घराचा दिवस ठरलेला असतो, म्हणजे बाकीच्या मदतीला जाऊ शकतात. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून बाजेवर कुरडया घालायच्या. एका दिवशी एकच घर. मावशींनी तो रिवाज मोडला. कोण कधी गहू भिजवणार हे गिरणीत कळतंच. त्यांनी सगळ्यांना तोच एक दिवस दिला. बायका कुरकुरल्या, मदतीला कोण येणार म्हणून. मावशी म्हणाल्या, "नवरे हायेत की. कशाला ठिवलेत?"

मशीन आलं त्या सकाळी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाजेला बाज लागलेली, प्रत्येकीवर धुतलेली साडी, साडीवर ओल्या पांढऱ्या कुरडयांची रांग. पोरं वाटीत गरम चीक घेऊन फुंकर मारत खात होती. मुकादम म्हणाला, "बाजा उचला." मावशी म्हणाल्या, "उचला की तुमी. वलं हाय अजून. मोडलं तर सालाचं मोडंल, मग माज्याशी गाठ हाय." मुकादमानं मशीनवाल्याला हात केला. तो मशीनवरून उतरला, चपला कडेला काढल्या आणि मैदानाच्या कडेला उभा राहिला. "अन्नावर न्हाई घालायचो मी मशीन," तो म्हणाला. कुणीतरी त्यालाही चिकाची वाटी दिली. दूध-गूळ घातलेला चीक त्यानं उभ्यानं खाल्ला आणि दुसरी वाटी मागितली. मावशींनी माझ्या हातात काठी दिली. "परकास, तू कावळे हाकल. तेवढं तरी कर." बायका हसल्या. त्या 'तेवढं तरी'चा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी पापड, मग सांडगे, मग मिरच्या, मग काही नसेल तर नुसता धुतलेला गहू. मशीन दोनदा आलं आणि दोनदा परत गेलं. पुढारी येऊन पापड खाऊन गेले. मार्चअखेर आमच्या बाजांवरच वाळली. पुढे केव्हातरी साध्या दुरुस्तीच्या कामात भाच्याच्या नकाशातला नळ आला, दिवे आले, झाडं मात्र लोकांनीच लावली. भिंत आली नाही. ही आमची जीत पूर्ण होती आणि तिचं श्रेय एकट्या मावशींचं नव्हतं, हे त्याच सांगायच्या. पण ती जीत दत्तूच्या वाट्याला आली नाही. कॉलनीतली कामं त्याला मिळेनाशी झाली. लोक रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे ग्रिल करायला टाकायचे. उन्हाळा सरल्यावर त्यानं दुकान उचललं आणि शेवगावला गेला. टेम्पोत त्याचं वेल्डिंगचं मशीन चढत होतं तेव्हा मी गॅलरीतून बघत होतो. मावशी टेम्पोजवळ उभ्या होत्या. नंतर मी दळण न्यायला गेलो, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गेला बघ." पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. दर आठवड्याला माझं पीठ तेवढंच बारीक, तेवढंच नीट दळून द्यायच्या. टोमणेही तेच. मी मात्र दर आठवड्याला ठरवायचो आणि दर आठवड्याला डबा उचलून घरी यायचो. सवय होते माणसाला.

दशक्रियेला नदीवर मोठी गर्दी होती. आमच्याकडे पिंडदानाआधी माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. पुढारी बोलले, मैदान वाचवणारी माता वगैरे म्हणाले. मग कुणीतरी माझं नाव पुकारलं, कॉलनीच्या वतीनं चार शब्द म्हणून. माईक हातात आला. शेवटच्या रांगेत, झाडाखाली, दत्तू बसला होता. शेवगावहून मोटारसायकलवर आलेला, केस पांढरे झालेले. मी कष्टाळू, प्रेमळ, आधारवड अशी तीन वाक्यं बोललो आणि माईक दिला. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, मावशींची काही इच्छा राहिली नव्हती. मला ते पटलं नाही. कावळ्याला काय कळतं!

गेल्या आठवड्यात मी शेवगावला गेलो. दत्तूचं दुकान बाजार समितीच्या रस्त्याला आहे, चांगलं चाललंय. तो ट्रॉलीच्या जोडाला वेल्डिंग करत होता. काच वर करून म्हणाला, "या प्रकाशराव. काय काम काढलं?" मी उभ्याउभ्याच सांगितलं. नकाशा, वर्तुळ, गिरणीतलं बोलणं, सगळं. तो ऐकत राहिला. मग त्यानं काच पुन्हा डोळ्यांवर ओढली आणि उरलेला जोड पूर्ण केला. ठिणग्या माझ्या पायाशी येत होत्या. मी हललो नाही. जोड झाल्यावर तो म्हणाला, "माज्या पोरीनं शाळा सोडताना इचारलं हुतं, पप्पा, तुमी काय चोरी केली का? मी काय सांगायचं तिला?" मी म्हटलं, "दत्तू, मी चुकलो." "ते कळलं," तो म्हणाला. "मावशीला म्हाईत हुतं, आन् तिनं मला बी न्हाई सांगितलं?" "त्यांनी मला शब्द दिला होता." तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "लई भारी बाई. तुमाला शब्द दिला, आन् मला दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवला."

निघताना म्हटलं, कॉलनीत प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगतो. तो म्हणाला, "न्हाई जमायचं तुमाला. पयल्याच घरी चहा पिऊन परत याल. छापा. माजं नाव घालून छापा, म्हंजी मी पोरीला वाचायला दिईन." म्हणून हे पेपरात छापायला दिलं आहे. मावशींवर लिहायला बसलो तर मला दुसरं काही लिहिता येण्यासारखं नव्हतं. त्या धीराच्या होत्या, जिभेच्या तिखट होत्या, कॉलनीला त्यांनी एकत्र बांधलं, हे सगळं खरं आहे आणि ते कुणीही लिहील. मला ठाऊक असलेल्या मावशी या, की ज्यांनी मला सोडलं नाही आणि वाचवलंही नाही. माझं काम त्यांनी माझ्याकडेच ठेवलं.

गिरणी आता सून चालवते. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, तेच चाललंय. मैदानाला भिंत नाही, गेट नाही, कुलूप नाही. चारी बाजूंनी माणूस येऊ शकतो. हा लेख ज्या रविवारी येईल त्या सकाळी मी तिथं कडेच्या दगडावर बसून असेन. ज्याला जे विचारायचं, त्यानं यावं. आणि शेवगावहून कुणी मोटारसायकलवर आलंच, तर त्याला बसायला जागा सोडा.